गोळ्यांचा हिशेब



शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले दोन शेजारी तालुके. एक घोडनदीच्या काठचा, दुसरा भीमेच्या. या दोन तालुक्यांत मी बरीच वर्षं एचआयव्हीबाधितांची समुपदेशक म्हणून काम केलं. ऊसतोडीला आलेली कुटुंबं, ट्रकवर जाणारी माणसं, रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांतले कामगार, आणि कधी गावाबाहेर न पडलेल्या घरधनिणी, असे सगळे माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून गेले. त्यांच्यापैकी एकीची गोष्ट आज सांगणार आहे. तिची ओळख पटेल असा तपशील मी बदलला आहे.

२००९ मध्ये तिची औषधं सुरू झाली. नवरा आधीच गेलेला, पदरात एक मुलगा. त्या काळी सरकारी केंद्रातून झिडोवुडिन, लॅमिवुडिन आणि नेव्हिरापिन अशी तीन औषधं मिळायची. दर महिन्याला ती डबी घेऊन यायची आणि मी उरलेल्या गोळ्या मोजायची. तिचा हिशेब कायम बरोबर. एक गोळी इकडे नाही, तिकडे नाही. इतर रुग्णांना मी तिचं उदाहरण द्यायची.

पहिली दोन वर्षं तिच्या पांढऱ्या पेशींचा, म्हणजे सीडी-फोरचा, आकडा चढत गेला. मग तो थांबला आणि उतरायला लागला. तोंडात पांढरा थर आला, वजन घटलं. पुण्याला रक्त तपासलं तर विषाणू भरपूर. औषध चालू आणि विषाणूही चालू!

असं का होतं? लोक म्हणतात, शरीराला औषधाची सवय झाली. तसं नसतं. बदलतो तो विषाणू. उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. प्रत्येकाला आपली साधारण दहा हजार अक्षरांची पोथी नकलून घ्यावी लागते, आणि हा नकलनवीस मोठा धांदरट. चूक झाली तरी मागे वळून तपासत नाही. बहुतेक चुका वाया जातात. पण एखादी चूक अशी असते, की एका औषधाला तो विषाणू दाद देत नाही. नेव्हिरापिनला चुकवायला तर एकच अक्षर बदललं तरी पुरतं.

आपल्याकडच्या कांदा उत्पादकांना हे वेगळं सांगायला नको. फुलकिड्यांवर तेच ते औषध, तेही कमी मात्रेत, पुनःपुन्हा फवारलं, की त्यातून वाचलेले किडेच पुढची पिढी वाढवतात. मग दुप्पट फवारा, काही होत नाही.

म्हणून तीन औषधं एकदम. एकाला चुकवणारा विषाणू रोज जन्मतो. तिघांना एकाच वेळी चुकवणारा जन्मणं जवळपास अशक्य. १९८७ साली झिडोवुडिन हे पहिलं औषध आलं तेव्हा ते एकटंच दिलं जाई आणि काही महिन्यांत निष्प्रभ होई. १९९६ पासून तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत रुजली आणि मरणारी माणसं उठून कामाला लागली. पण किंमत आवाक्याबाहेर. २००१ मध्ये सिप्लाने तिन्ही औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणायची तयारी दाखवली. याच सिप्लाचा एक कारखाना आपल्या दौंड तालुक्यात, कुरकुंभला आहे. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. त्याआधी पैसे असतील तेवढे दिवस गोळ्या आणि नसतील तेव्हा देवाचं नाव, असं चालायचं.

आता पुन्हा तिच्याकडे वळते. निकाल आल्यावर मी तिला समोर बसवलं. बराच वेळ ती पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, भावाच्या लग्नात आठ दिवस गोळ्या घेतल्याच न्हाईत. घरभर पाव्हणं, डबी कुठं काढू? सासरीबी पिठाच्या डब्यात लपवत हुते. सासूनं दळण काढलं की डबी जागची हलवायची, मग दोन-दोन दिवस हाताला लागायची न्हाई."

"पण हिशेब तर बरोबर यायचा तुझा?"

"तुम्ही लई रागं भरायच्या. म्हणून उरलेल्या गोळ्या मी येताना उकिरड्यात टाकायची."

श्रोतेहो, त्या दिवशी मी कुणावर रागावणार होते?

गोळ्या मधेच बंद केल्या की तिन्ही औषधं एकदम शरीराबाहेर जात नाहीत. झिडोवुडिन आणि लॅमिवुडिन एक-दोन दिवसांत ओसरतात. नेव्हिरापिन मात्र कित्येक दिवस रेंगाळतं. राखणीला तिघे होते, दोघे घरी गेले, एकटा उरला. नेमकं हेच विषाणूला हवं असतं. आठ दिवसांच्या लग्नाने ते केलं. आणि खोटा हिशेब खरा मानून मी पुढची दीड-दोन वर्षं ते चालू दिलं.

ती वाचली. दुसऱ्या फळीची औषधं भारतात २००८ पासून सरकारी उपचारात आली होती, ती तिला मिळाली. त्यातल्या ॲटाझानाविरने डोळे पिवळे दिसायचे. गावात बायका विचारायच्या, "कावीळ झाली का गं?" ती हो म्हणायची. आणखी एक खोटं, पण या खेपेला मला माहीत असलेलं.

आज चित्र पुष्कळ बदललं आहे. २०१७ पासून निदान होताच औषध सुरू करतात. २०१८ पासून रक्तातल्या विषाणूंची मोजणी नियमित होऊ लागली, त्यामुळे पेशी घटायची वाट पाहावी लागत नाही. २०२० पासून डोलुटेग्राविर असलेली गोळी आली. दिवसाला एक. तिला चुकवणं विषाणूला फार अवघड जातं. अवघड, पण अशक्य नव्हे. असा प्रतिकार काही देशांत दिसू लागल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिला आहे. आम्लपित्ताच्या, लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या बरोबर घेतल्या तर तिचा असर कमी होऊ शकतो. क्षयाची औषधं चालू असतील तर तिची मात्रा वाढवावी लागते. म्हणून दुसरं कुठलंही औषध घेताना डॉक्टरांना सांगा.

पण एक गोष्ट म्हणावी तशी बदललेली नाही. आजही तालुक्याला ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीने माणसं दौंडहून रेल्वेने, शिरूरहून एसटीने पुणं गाठतात. एक दिवसाची मजुरी बुडते. मजुरी बुडवणं परवडलं नाही, की गोळी बुडते. २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची माहिती उघड करायला बंदी केली आहे, तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पण शेजारणीच्या नजरेला कायदा कुठला?

त्या दिवसानंतर मी गोळ्या मोजायच्या आधी विचारू लागले, "या महिन्यात किती चुकल्या? सगळ्यांच्याच चुकतात." पहिल्याच आठवड्यात तिघांनी खरं सांगितलं. कुणी डबी गोठ्यात ठेवत होतं, कुणी शेतातल्या मोटारीच्या खोलीत. मग कागदाच्या पुडीत चार दिवसांच्या गोळ्या कशा न्यायच्या, मोबाइलवर गजर कुठल्या वेळेचा लावायचा, घरातल्या कुणा एकाला विश्वासात कसं घ्यायचं, यावर बोलता आलं.

तुमच्यापैकी कुणी ही औषधं घेत असेल तर गोळी चुकल्याचं लपवू नका. मनाने बंद करू नका. शंका असली तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. आणि घरात कुणी रोज ठरल्या वेळी एक गोळी घेत असेल, तर ती कशाची असं चारचौघांत विचारू नका. पाण्याचा तांब्या तेवढा पुढे करा.