सुतळीची शिडी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी थोडं बोलायचं, असं संयोजकांनी सांगितलंय. मी 28 वर्षं रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. तिथले गमतीचे किस्से माझ्याकडे नाहीत. एक गोष्ट मात्र बरेच दिवस मनात आहे, ती सांगतो.

विज्ञानाच्या सरांनी दोन सुतळ्यांमध्ये खराट्याच्या काड्या अडकवून शिडी केली होती, आठवतं? एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "दे पीळ." ती पिळलेली शिडी म्हणजे डीएनए. वॉटसन आणि क्रिक यांनी 1953 साली ही रचना मांडली. त्यासाठी रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण अभ्यासाचा मोठा आधार होता. 1962 साली या कामाला नोबेल मिळालं, तेव्हा त्या हयात नव्हत्या.

या शिडीची प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची असते. अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. एसमोर टी आणि जीसमोर सी, ही जोडी ठरलेली. त्यामुळे एक बाजू हाती असली की दुसरी लिहून काढता येते. पेशीची दोन होण्याआधी शिडी मधोमध उसवते आणि प्रत्येक अर्ध्या बाजूसमोर नवी बाजू तयार होते. आईकडून सुमारे 300 कोटी जोड्या आणि वडिलांकडून तेवढ्याच, असा हा वारसा पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातो.

पण नक्कल इमानदार असली की चूकही तितक्याच इमानदारीने उतरते. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात 'जीएजी' अशी तीन अक्षरं आहेत. तिथे मधल्या एच्या जागी टी आला, 'जीटीजी' झालं, की सिकलसेल. प्राणवायू सोडल्यावर असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं-सांधे असह्य दुखतात. थंडीने आणि पाणी कमी प्यायल्याने हे दुखणं उसळतं.

आता आपल्या मागच्या बाकावरचा तो आठवा. नाव घेत नाही. थंडीत सकाळच्या पीटीला तो पाय धरून खाली बसायचा. महिन्यातून चार-पाच दिवस गैरहजर. आपण त्याला 'आळशी महाराज' म्हणायचो. हे नाव मीच ठेवलं होतं. एकदा डिसेंबरात आपण त्याला ओढत नदीवर नेलं आणि पाण्यात ढकललं. त्यानंतर तो आठवडाभर शाळेत आला नाही. आपण हसलो होतो. विशी गाठण्याआधीच तो गेला.

पुढे कितीतरी वर्षांनी त्याच्या धाकट्या भावाचा रक्तनमुना माझ्या टेबलावर आला. सिकलसेलचा रुग्ण. त्याची स्वतःची तपासणी कधी झालीच नाही, म्हणून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तो अहवाल लिहिताना मला पीटीचं मैदान दिसत होतं. त्याच्या भावाला विचारूनच हे आज बोलतोय.

आपल्या विदर्भात, आणि तिकडे नंदुरबारकडेही, हा आजार बराच आढळतो. ज्याला एकाच पालकाकडून बदललेलं जनुक मिळतं तो वाहक. तो बहुधा ठणठणीत असतो, म्हणून त्याला पत्ताही नसतो. आई-वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आज आजार लवकर कळला तर हायड्रॉक्सियुरियासारखी औषधं आहेत, दुखणं कमी करता येतं.

आपली मुलं आता लग्नाची झाली आहेत. पत्रिका बघणाऱ्यांनी बघा, पण रक्ताची ही तपासणी करून घ्या. वाहक निघाला म्हणून कोणाला नाकारू नका. माहिती असली की पुढचं डॉक्टरांना विचारून ठरवता येतं. आणि इथे जे शिक्षक आहेत त्यांना हात जोडून विनंती: वारंवार पाय धरून बसणाऱ्या पोराला आधी दवाखान्यात पाठवा.

जेवणानंतर मी इथेच आहे. कोणाला काही विचारायचं असेल तर खुशाल या.