जलोद्यानांतील दगड व लांकूड

कांचेच्या पेटींत पाणवनस्पति लावून मासे पाळावयाचे, तर प्रथम विचार करावयाचा तो दगड-लांकडांचा. रोपें वाढून त्यांचीं मुळें गुंतलीं, कीं मग दगड हलविणें म्हणजे सारी बाग उपटणेंच होय.

या कलेला जपानी कलावंत ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनीं नवें वळण दिलें. त्यांच्या पद्धतींत दगड बहुधा विषम संख्येनें घेतात. सर्वांत मोठा तो ‘ओयाइशी’. तो मधोमध न बसवितां बाजूला, प्रवाहानें कलल्यासारखा ठेवतात. इतर दगड त्याच्या अनुरोधानें. २०१५ सालीं लिस्बनच्या मत्स्यालयांत त्यांनीं तब्बल ४० मीटर लांबीचें जलोद्यान रचलें.

परंतु शोभेआधीं माशांचा जीव. दगडावर शिरक्याचे चार थेंब टाकावे. फेंस आल्यास त्यांत चुना आहे असें समजावें. असा दगड पाणी जड करतो, आणि मृदु पाण्यांतल्या माशांना तें मानवत नाहीं. लांकूड कांहीं आठवडे भिजवावें. नाहीं तर तें तरंगतें, आणि पाणी चहासारखें होतें. मोठा दगड नुसत्या वाळूवर ठेवूं नये. मासे वाळू उकरतात, आणि दगड कलंडून कांच फुटते.

म्हणून पाणी भरण्यापूर्वीं चार दिवस कोरड्या पेटींतच मांडणी करून पाहावी.