मोस्कातो दास्ती: शोकेसमध्ये ठेवलेल्या बाटलीची गोष्ट

हेडफोन लावलेत? आज विषय गोड आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीने.

माझा आतेभाऊ तोरीनोला शिकायला होता. येताना त्याने मोस्कातो दास्तीची बाटली आणली. वाइन जितकी जुनी तितकी भारी, असं आपण ऐकलेलं असतं ना! म्हणून मी ती ताईच्या लग्नासाठी राखून ठेवली. दोन वर्षं, शोकेसमध्ये, खिडकीसमोर. उघडली तेव्हा सुगंध गेलेला. त्यात आम्ही ती चॉकलेट केकसोबत घेतली, तर चक्क आंबट लागली! "गोड वाइन म्हणजे नुसतं सरबत," असा शेरा एका काकांनी मारला. दादा बिचारा गप्प बसला. बाटलीचा काही दोष नव्हता हो, सगळा घोळ माझा.

ही वाइन उत्तर इटलीतल्या पिमोन्ते भागाची, आस्ती आणि कनेल्ली या गावांच्या आसपासची. द्राक्ष मोस्कातो बियांको. वाइनला चक्क द्राक्षाचाच वास यावा, असं फार थोड्या जातींत घडतं, त्यातली ही एक. द्राक्षाचा रस शून्य अंशाच्या जवळपास थंड ठेवतात आणि मग बंद टाकीत आंबवतात. अल्कोहोल साधारण 5 टक्क्यांवर आलं की पुन्हा थंड करून यीस्ट गाळून टाकतात. म्हणजे उरलेली साखर वरून घातलेली नाही, द्राक्षाचीच. लिटरला 100 ग्रॅमच्या वर, जवळपास कोलाएवढी! पण आंबटपणा आणि हलके बुडबुडे असल्यामुळे ती चिकट लागत नाही.

तिची मोठी बहीण आस्ती स्पुमान्ते. बुडबुडे जास्त, अल्कोहोलही जास्त. कार्लो गांचा फ्रान्समध्ये शॅम्पेनचं तंत्र शिकून आला आणि 1865 च्या सुमारास कनेल्लीत त्याने मोस्कातोची फेसाळ वाइन केली. पुढे 1895 मध्ये फेदेरिको मार्तिनोत्तीने टाकीत फेस आणायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. कनेल्लीतली जमिनीखालची तळघरं 2014 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

आता खाणं. इथे एकच गोष्ट सांभाळायची: पदार्थ वाइनपेक्षा गोड नको. तो जास्त गोड असला, की वाइनची गोडी जिभेला कळतच नाही, नुसता आंबटपणा उरतो. आमच्या केकने हेच केलं. गुलाबजामही तेच करेल. पिमोन्तेतले लोक हिच्यासोबत हेझलनटचा साधा केक खातात, बदामाच्या चवीची आमारेत्ती बिस्किटं खातात, नाताळात पानेत्तोने. आपल्याकडे? नानकटाई! कमी गोड, खुसखुशीत. पीच, स्ट्रॉबेरी अशी फळंही छान. आणि खारट निळं गोर्गोन्झोला चीज एकदा तरी घेऊन बघा, मला तर केकपेक्षा ते जास्त आवडतं. तिखटालाही चालते, कारण अल्कोहोल कमी असल्याने जिभेची आग वाढत नाही. तिखट चिवड्यासोबत मी घेतलीये. हसू नका!

दुकानात एक गंमत होते, जपून. फेसाळ वाइनच्या लेबलवर 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेलं असलं तरी ती 'ब्रूट'पेक्षा गोड असते. खरी गोड हवी असेल तर 'दोल्चे' हा शब्द शोधा, किंवा सरळ मोस्कातो दास्ती मागा. (महाराष्ट्रात वाइनसाठी वय 21 पूर्ण लागतं, माहीत असेलच.) बाटली ताजी घ्या आणि वर्षभरात संपवा. 6 ते 8 अंशांवर, म्हणजे फ्रिजमधून काढल्या काढल्या.

या डिसेंबरला दादा परत येतोय. बाटली आणणारच म्हणाला. मी फ्रिजचा एक कप्पा रिकामा करून ठेवलाय आणि नानकटाई आधीच सांगून ठेवलीये. त्या काकांनाही बोलावलंय.

चला, भेटू पुढच्या भागात!