पन्नास हेलकाव्यांचा सेकंद



तयार डिजिटल घड्याळ आज इतकं स्वस्त मिळतं की ते घरी कशाला बनवायचं, असं कुणालाही वाटेल. पण तयार घड्याळातली सगळी करामत एका काळ्या ठिपक्याखाली झाकलेली असते. साध्या लॉजिक चिप जोडून घड्याळ केलं, तर सेकंद कसा मोजला जातो ते एकेका तारेवर तपासता येतं. आणि मुळशीत राहणाऱ्याला त्या तारेवरून थेट आपल्या धरणापर्यंत पोचता येतं, म्हणून मी हा विषय इथे निवडला.

घड्याळ म्हणजे मोजणी. लग्नघरी घंगाळात तरंगणारं घटिकापात्र तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ते भरून बुडालं की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. आपल्या घड्याळाचं पात्र सेकंदात पन्नास वेळा बुडतं, कारण घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते.

मुलांनो, २३० व्होल्टला हात लावायचा नाही. बंद डब्यातल्या ट्रान्सफॉर्मरने नऊ व्होल्टवर आणलेली वीजच घ्यायची. रेझिस्टर आणि डायोड लावून ती पाच व्होल्टच्या आत बसवायची आणि ७४१४ या चिपमधून न्यायची, म्हणजे गोलसर लाटेचे उभ्या कडांचे स्पंद होतात. हा टप्पा गाळू नका. जवळपास मोटरपंप सुरू झाला की लाटेवर काटे उठतात, काउंटर तेही मोजतो आणि घड्याळ पुढे पळतं.

मोजणीचं काम ७४९० कडे. पहिली चिप पाचाने भागते, दुसरी दहाने. सेकंदाला एक स्पंद हाती येतो. मग सेकंद, मिनिटं आणि तास यांना दोन-दोन. अशा आठ ७४९० आणि आकडे उजळायला सहा ७४४७. या चिपसाठी पुण्यात तापकीर गल्लीत चौकशी करा.

यातली मला सर्वांत आवडणारी जागा सांगतो. ५९ नंतर ६० न येता शून्य कसं येतं? ७४९० ला शून्यावर आणणाऱ्या दोन पिना असतात, आणि दोन्हींवर एकदम व्होल्टेज आलं तरच ती शून्यावर जाते. सहा म्हणजे चार अधिक दोन. म्हणून दशकाच्या चिपची चाराची आणि दोनाची तार या पिनांना जोडायची. सहा उमटतो न उमटतो तोच पुसला जातो, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. चोवीस तासांनाही हीच युक्ती: दशकाची दोनाची तार आणि एककाची चाराची तार, दोन्ही चिपांच्या पिनांना. जास्तीची एकही चिप लागत नाही!

आता धरणाकडे येऊ. मुळशीचं पाणी घाटाखाली सुमारे ५०० मीटर उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं, १९२७ पासून. त्या पाण्याखाली कुणाच्या जमिनी गेल्या आणि १९२१ साली धरणाविरुद्धच्या सत्याग्रहात सेनापती बापटांबरोबर कोण उभं राहिलं, हे मी तुम्हाला सांगायला नको. भिऱ्याची जनित्रं एकटी फिरत नाहीत. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं, तेव्हापासून देशभरची जनित्रं एका ठेक्यात बांधलेली आहेत. विजेची मागणी वाढली की सगळी मिळून किंचित मंदावतात आणि तुमच्या टेबलावरचं घड्याळही मागे पडतं. १९९० च्या दशकात संध्याकाळी वारंवारिता, म्हणजे विजेचे सेकंदातले हेलकावे, ४९ हर्ट्झच्याही खाली जाई. ४९ वर घड्याळ तासाला ७२ सेकंद हरतं. आता ती ४९.९० ते ५०.०५ मध्ये राखायची असते.

हा चढउतार डोळ्यांनी दिसावा म्हणून माझा आग्रह आहे की इथल्या शाळेने दोन घड्याळं करावीत. दुसऱ्याला क्वार्ट्झचा स्फटिक लावा. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सीडी ४०६० ही चिप ते चौदा वेळा निम्मे करते, आणखी एकदा निम्मे केले की एक सेकंद. संध्याकाळी सहाला दोन्ही जुळवा, रात्री दहाला फरक वहीत लिहा. मध्येच वीज गेली तर तो दिवस सोडून द्या. वारंवारिता सरासरी ४९.९५ राहिली असेल, तर विजेवरचं घड्याळ चार तासांत सुमारे १४ सेकंद मागे दिसेल.