पायाखालच्या भूमीचा ठाव

(चाकूर येथील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात केलेले भाषण)



बाजारात माठ घेताना आपण त्यास टिचकी मारून पाहतो. नाद खणखणीत आला तर माठ चांगला. बद्द आवाज आला तर कोठे तरी तडा आहे, असे आपण ओळखतो. माठ न फोडता त्याचे गुणदोष कळतात. पृथ्वीच्या पोटात काय दडले आहे, हे शास्त्रज्ञ पुष्कळसे याच रीतीने जाणतात. फरक एवढाच की, तेथे टिचकी बहुधा भूकंपाची असते.

ही टिचकी आपल्या जिल्ह्याने फार महाग किंमत देऊन अनुभवली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि लातूर व धाराशिव जिल्ह्यांत साडेसात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आज आपल्या वर्गात बसणारी मुले त्यानंतर जन्मलेली आहेत. परंतु त्या पहाटेची भीती त्यांना घरातूनच मिळालेली आहे. “गुरुजी, खाली काय आहे?” असे त्यांनी विचारले, तर आपण काय सांगणार? आजचा विषय तोच आहे.

खडक तुटून सरकला की त्या जागेपासून चोहोंकडे लहरी निघतात. त्यांत मुख्य प्रकार दोन. पहिली प्राथमिक लहर. दहा मुले एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी करावी आणि शेवटच्यास हलकेच ढकलावे. मुले जागीच राहतात, पण धक्का पुढे जातो. दुसरी दुय्यम लहर. दोराचे एक टोक खिडकीच्या गजास बांधून दुसरे वरखाली हलवावे, म्हणजे ती दिसते. प्राथमिक लहर वेगवान असून घन व द्रव या दोहोंतून जाते. दुय्यम लहर मंद असून द्रवातून मुळीच जात नाही. हा भेद ध्यानात ठेवावा. पुढचे सारे त्यावर उभे आहे.

आता एक अंकगणित. प्राथमिक लहर सेकंदास ६ किलोमीटर व दुय्यम लहर ३.५ किलोमीटर जाते असे धरू. ८४ किलोमीटरांवरील यंत्रावर पहिली १४ सेकंदांनी व दुसरी २४ सेकंदांनी येईल. म्हणजे १० सेकंदांचे अंतर पडले की भूकंप ८४ किलोमीटरांवर झाला, असे उलट गणिताने सांगता येते. तीन ठिकाणच्या यंत्रांवरून तीन वर्तुळे काढली की ती जेथे मिळतात ते भूकंपाचे स्थान. सातवीची मुले हे नकाशावर सहज करतील.

परंतु लहरी केवळ स्थानच सांगत नाहीत. खडक बदलला की त्यांचा वेग बदलतो, त्या वळतात, काही परावर्तित होतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींतून या दोन लहरी वेगळ्या ओळखल्या आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचे दाखविले. १९०९ मध्ये मोहोरोविचिच यांना आढळले की, दूरच्या ठिकाणी काही लहरी अपेक्षेहून आधी पोचतात. अर्थात त्या खालच्या, अधिक वेगाच्या थरातून गेल्या असल्या पाहिजेत. अशा रीतीने कवचाचा तळ सापडला. दुय्यम लहरी बाह्य गाभ्यातून जात नाहीत, यावरून तो द्रवरूप असल्याचे ठरले. आणि त्याच्याही आत आणखी एक गाभा असल्याचे १९३६ मध्ये इंगे लेहमान या विदुषीने दाखवून दिले. तेथवर कोणी गेले नाही, जाणारही नाही.

आता आपल्या पायाखाली पाहू. विहीर खणताना मुरूम लागतो, मग काळा पाषाण लागतो. हा पाषाण किती खोल आहे? भूकंपक्षेत्राच्या अभ्यासासाठी किल्लारी येथे ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली ८ मीटर गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन खडक लागला. पण छिद्र तेथेच थांबते, आणि भूकंपाचा उगम तर काही किलोमीटर खोल होता. जेथे छिद्र पोचत नाही, तेथे लहरीच पोचतात. भूकंपानंतर या भागात बसविलेल्या यंत्रांनी मागाहूनच्या लहान धक्क्यांची नोंद केली व उगम उथळ असल्याचे दाखविले. उगम उथळ आणि घरे दगडमातीच्या जड भिंतींची व माळवदाची. म्हणूनच हानी एवढी झाली.

भूकंपाची वाट पाहावी लागते असेही नाही. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने त्या भागात स्फोट घडवून कृत्रिम लहरी निर्माण केल्या. ओळीने मांडलेल्या यंत्रांवरील नोंदींतून तेथील कवच सुमारे ३५ ते ४० किलोमीटर जाड असल्याचे कळले.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. लहरी थर दाखवितात, उगम दाखवितात. पुढला भूकंप कोणत्या दिवशी होईल, हे त्या सांगत नाहीत. तशी तारीख सांगणाऱ्यावर कोणीही विश्वास ठेवू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी येथे जमिनीतून आवाज येऊ लागले, तेव्हा लोक भयभीत झाले. अशा वेळी गावात शिक्षकाच्या शब्दाला वजन असते. आवाजाची वेळ व धक्का जाणवला की नाही हे टिपून ठेवावे, तहसील कार्यालयास कळवावे, आणि उत्तर यंत्राच्या नोंदीवरून मिळू द्यावे. मुलांना खोटा धीर देऊ नये व खोटे भयही घालू नये.

माठाला टिचकी मारणारे मूल उद्या भूमीचा नाद ऐकू लागेल. त्याला ऐकण्याची सवय लावावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.