सुरूची साल कोण खातं?
(सोसायटीच्या वार्षिक सभेतील भाषण)



बँकेत आयुष्यभर लोकांची खाती तपासली, आता सुरूची खोडं तपासतो. आपल्याकडे, एडवण-केळव्याला येणारे पाहुणे सुरूला 'पाइन' म्हणतात. तो पाइन नव्हे. सुरूची सुई म्हणजे सांध्यासांध्यांची बारीक डहाळी, खरी पानं त्या सांध्यांवर खवल्यांएवढी असतात. पण समुद्राचा खारा वारा अडवतो तो हाच. म्हणून दोन झाडं सुकली तर 'अख्खी रांग तोडा' म्हणणाऱ्यांनी आधी खोड बघावं.

फांदीच्या बेचक्यात साल कुरतडलेली आणि वर भुसा-विष्ठेची तपकिरी जाळी फितीसारखी चिकटलेली दिसली, की समजा, साल खाणारी अळी! शास्त्रीय नाव इंडरबेला. शेवगा, पेरू, आंबा, सगळं चालतं तिला. दिवसा भोकात लपते, रात्री जाळीआडून साल खाते. मग पानांवर फवारा मारून काय होणार? पैसे पाण्यात.

जाळी खरवडून काढा. भोकात सायकलची तार घालून अळी मारा, रॉकेलचा बोळा कोंबा, वरून चिखल लिंपा. (विडी-काडी लांब ठेवा, मुलांनाही.) आठवड्याने ताजा भुसा दिसला तर पुन्हा हेच.

नारळाचं पान पंख्यासारखं कातरलेलं असेल तर तो गेंड्या भुंगा. त्याची पिल्लावळ कुजलेल्या शेणखतात वाढते. आपला खताचा ढीग नारळांना खेटूनच आहे, तो आधी उपसू.

तोडायचा ठराव महिनाभर थांबवा, एवढंच मागणं. रविवारी साडेसातला गेटपाशी या. तार माझ्याकडे आहे, कापूस आणा.