हरलो तर पैसे कोण देणार?

बरेच जण मेसेज करून विचारतात, "दादा, ड्रॅग रेसिंगसाठी कार कंपनीची स्पॉन्सरशिप कशी मिळते?" आज त्यावरच बोलतो.

सरळ पट्टा, दोन गाड्या, पाव मैल, म्हणजे साधारण 402 मीटर. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरची 'व्हॅली रन' काहींनी पाहिली असेल. पण हा खेळ मोठा झाला अमेरिकेत. तिथे वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये एनएचआरए ही संघटना सुरू केली.

तिथले बहुतेक रेसर हौशी. आठवडाभर नोकरी-धंदा, शनिवार-रविवारी रेस. त्यांना कंपनी पगार देत नाही. 'कंटिन्जन्सी' नावाची पद्धत आहे. कंपनी आधीच जाहीर करते, की आमची गाडी किंवा पार्ट वापरा, आमचं स्टिकर लावा आणि जिंकलात तर इतके डॉलर घ्या. उपविजेत्यालाही बऱ्याचदा काहीतरी मिळतं. आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडलात तर? स्टिकर तुमच्या गाडीवर, टायर-पेट्रोलचा खर्च तुमच्या खिशातून आणि कंपनीकडून शून्य!

आता जरा मागे जाऊ. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या कार कंपन्यांचा मंत्र होता, रविवारी जिंका, सोमवारी विका. 1968 मध्ये क्रायस्लरने डॉज डार्ट आणि प्लिमथ बॅराकुडा या छोट्या गाड्यांत 426 घनइंचाचं, म्हणजे सात लिटरचं हेमी इंजिन बसवलं. बॉनेट फायबरग्लासचं, मागची सीट गायब, हीटर नाही, वॉरंटीही नाही. या गाड्या खास ड्रॅग रेससाठीच होत्या आणि रेसरनी त्या स्वतःचे पैसे मोजून घेतल्या. जिंकले रेसर, नाव झालं कंपनीचं.

हे आजही चालतं बरं का. फोर्डने 2008 मध्ये 50 कोब्रा जेट मस्टँग काढल्या. 2012 मध्ये शेव्हर्लेने 69 कोपो कमॅरो काढल्या, 1969 च्या आठवणीत. दोन्ही फक्त ट्रॅकसाठी.

मग कंपन्या फसवतात का? मला तसं वाटत नाही. अटी आधीच लिहिलेल्या असतात, आणि जिंकणाऱ्याला त्या पैशांतून पुढच्या रेसचा खर्च थोडाफार निघतो. पण हा जाहिरातीचा व्यवहार आहे आणि त्यातली जोखीम जवळजवळ सगळी रेसरच्या अंगावर असते.

म्हणून माझं सांगणं एवढंच. उद्या कोणी स्टिकर घेऊन आलं, तर हुरळून जाऊ नका. आधी विचारा, "हरलो तर काय मिळेल? गाडी मोडली तर खर्च कोणाचा?" उत्तर लेखी घ्या. आणि बजेट असं आखा, की स्पॉन्सरचा एक रुपयाही आला नाही तरी कर्ज काढावं लागणार नाही. स्पॉन्सरच्या भरवशावर ईएमआय घेऊ नका, प्लीज!

आणि हो, रेस फक्त ट्रॅकवर. हायवेवर नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!